हात सुटला तो नदीचा

फार फार मागची गोष्ट आहे. बांगड्यांचं गाठोडं पाठीवर घेऊन कासारीण डोंगर उतरायची आणि गावोगाव हिंडायची, त्या काळातली. आटपाट नगर वगैरे काही नव्हतं ते. नदीकाठचं साधंसं गाव, आणि गावावर डोळा ठेवून बसलेली टेकडीवरची एक गढी.

त्या गावात एक रीत होती. दर वर्षी जत्रेच्या बाजारात गढीचा एक माणूस खाली यायचा. अंगाने धिप्पाड, हात उखळीच्या मुसळासारखे. तो गर्दीतून हिंडायचा आणि मनात येईल त्याचं मनगट धरायचा. बाई असो की गडी, त्याला सारखंच. धरलेला हात न सोडता त्या माणसाला वेशीबाहेर न्यायचा, आणि तिथून पुढे वर्षभर ते माणूस गढीवर फुकट राबायचं. पाणी भरायचं, दळायचं, लाकडं फोडायची, शिव्या खायच्या.

गाव त्याला हातधऱ्या म्हणायचं. त्याचं खरं नाव कोणाला आठवत नव्हतं. बहुतेक त्यालाही नसेल.

आता तुम्ही विचाराल, अख्खं गाव एकीकडे आणि एकटा माणूस दुसरीकडे, मग गाव गप्प का बसायचं? मलाही तोच प्रश्न पडला होता. तर त्याचं असं झालं होतं.

कधीकाळी नदीला मोठा पूर आला. तेव्हाचा गढीचा मालक देवमाणूस होता. त्याने घोडं पाण्यात घातलं आणि वाहून चाललेल्या माणसांना हाताला धरून काठावर ओढलं. जे हाती लागले ते वाचले. ज्यांचा हात सुटला ते गेले. वाचलेल्यांनी त्याचे पाय धरले आणि म्हणाले, "हात धरला तो गढीचा, हात सुटला तो नदीचा."

उपकाराचं बोलणं होतं ते. त्या भल्या माणसाने ऐकलं आणि सोडून दिलं. त्याच्या मुलाने मात्र ते लक्षात ठेवलं, आणि नातवाने तर त्याचा कायदाच केला. म्हणजे बघा, आजोबाने हात धरले ते बुडणाऱ्यांचे, आणि नातवाने धरले ते बाजारात भाजी घेणाऱ्यांचे.

त्या कायद्यात सुटकेची वाटही होती. वेशीपर्यंत पोचायच्या आत हात सुटला, तर माणूस मोकळं. पण "हात सुटला तो नदीचा" म्हणजे त्याला नदी ओढून नेणार, असं सगळ्यांच्या मनात घट्ट बसलेलं. आया पोरांना पाळण्यापासून शिकवायच्या, "हात धरला की गप उभं राहायचं. हिसकायचं नाही." आणि कोणी हात हिसकलाच, तर मागे ओढायचा. जितका ओढायचा तितकी मूठ आवळायची, आणि हातधऱ्या हसायचा.

त्या गावात बुरुडाचं एक घर होतं. आई आणि दोन मुली. थोरली साळू, धाकटी भिवरा. नदीचं नाव भिवरा, तेच धाकटीला ठेवलेलं. तिघी मिळून बांबू चिरायच्या, सुपं, टोपल्या, दुरड्या विणायच्या, आणि त्यावर घर चालायचं.

मागच्या जत्रेत हातधऱ्याने साळूला नेलं होतं.

वर्ष भरत आलं आणि साळू परत आली. आली म्हणजे अंगाने आली. कोणी जरा मोठ्याने बोललं की ती उभी राहायची आणि सांगेपर्यंत बसायची नाही. विणायला घेतलं तर बोटं थांबायची. आणि तिचा हात कोणी धरलेला तिला खपत नसे, आईनेसुद्धा. आपल्यात बांगडी फुटली असं म्हणत नाहीत, वाढवली म्हणतात. पण साळूच्या हातातल्या बांगड्या वाढवल्या नव्हत्या. त्या फुटल्या होत्या. मनगटावर त्याचे व्रण होते.

तिला दारात सोडताना हातधऱ्या भिवराकडे बघून म्हणाला होता, "येत्या जत्रेत धाकटी. ही हिच्याहून चपळ दिसते."

आता जत्रा तोंडावर आली होती.

"तू बाजाराला जाऊच नकोस," आई म्हणाली. "टोपल्या मी विकते."

"तुझा गुडघा तुला चुलीपर्यंत नेत नाही, बाजाराला काय नेणार?" भिवरा म्हणाली. "आणि समज, या वर्षी नाही गेले. पुढच्या वर्षी? त्याच्या पुढच्या?"

भिवराला नेलं, तर घरात विणणारं कोणी उरत नव्हतं. आणि भिवरा परत येताना साळूसारखी आली तर? आईची नजर सारखी साळूकडे जात होती.

जत्रेआधी दर वर्षी कासारीण यायची. बायका नव्या बांगड्या भरायच्या, म्हणून ती धर्मशाळेत मुक्काम टाकून घरोघर फिरायची. जाडजूड बाई, आवाज खणखणीत, हात लोण्यासारखे मऊ. ती बुरुडाच्या ओटीवर बसली, गाठोडं सोडलं आणि म्हणाली, "ये साळू. हिरवा चुडा ठेवलाय तुझ्यासाठी. हात दे."

साळूने दोन्ही हात पदराखाली घेतले आणि ती आत निघून गेली.

कासारणीने आईकडे पाहिलं. आईने सगळं सांगितलं. कासारणीने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "भिवरा, तू तरी ये."

तिने भिवराचा हात धरला आणि बांगडी चढवायला लागली. बांगडी लहान पडत होती. कासारणीने हात दाबला, तळवा चुरगाळला. भिवराला कळ आली. तिने ओढलं नाही, नुसता हात फिरवला, कोपर पुढे केलं, आणि हात कासारणीच्या मुठीतून सुळकन निघाला.

दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या.

"कसा सोडवलास?" कासारणीने विचारलं.

"दुखलं म्हणून फिरवला."

"अगं, माझ्या मुठीतून हात सुटत नाही. सुटायला लागले तर गिऱ्हाईकं पळून जातील की माझी. पुन्हा कर बरं."

कासारणीने या वेळी बांगडी बाजूला ठेवली आणि मनगट गच्च धरलं. भिवराने मागे ओढलं. हात हलला नाही. पुन्हा ओढलं. तरीही नाही.

"ओढू नकोस," कासारीण म्हणाली. ती आता स्वतःच्याच मुठीकडे निरखून बघत होती. "मघाशी तू ओढलं नव्हतंस. हे बघ. इकडून चार बोटं, ती भिंत झाली. तिकडून एकटा अंगठा. भिंतीला धडका देऊन काय मिळणार? दार अंगठ्याकडे आहे."

भिवराने मनगटाची कड अंगठ्याकडे वळवली, पाऊल पुढे टाकलं, कोपर कासारणीच्या कोपराला भिडवलं. हात सुटला.

दुसऱ्या दिवसापासून दुपारच्या वेळी, गडीमाणसं रानात गेली की, बुरुडाच्या परसात एक वेगळंच काम सुरू झालं. एक धरायची, एक सोडवायची. कधी डावा हात, कधी उजवा, कधी मागून, कधी दोन्ही हातांनी. भिवराची मनगटं लाल व्हायची, रात्री ती त्यांना हळद लावायची. सोपं नव्हतं हो ते. घाबरलं की अंग मागेच जातं, पाऊल पुढे पडतच नाही. पुढे जायला अंगाला शिकवावं लागतं, रोज, कंटाळा येईपर्यंत आणि आल्यावरही.

कासारणीने तिला पडायलाही शिकवलं. "पाठीवर काच घेऊन मी डोंगर उतरते," ती म्हणाली. "पाय घसरतोच कधीतरी. हात टेकलास तर हात मोडेल. अंग गोल कर, खांद्यावरून लोळण घे आणि उभी राहा. पडणं म्हणजे हरणं नव्हे. पडून राहणं म्हणजे हरणं."

साळू मागच्या दारात उभी राहून हे सगळं बघायची. बोलायची नाही.

एके दुपारी भिवरा सारखी सुटत होती आणि खूश होऊन हसत होती. तेव्हा दारातून आवाज आला, "तो असा धरत नाही."

दोघी थबकल्या. साळू परसात उतरली. तिचा चेहरा पांढरा पडला होता, पण ती थांबली नाही. "तो आधी झटका देतो," ती म्हणाली. "माणूस तोल जाऊन त्याच्यावर येतं, मग आवळतो. आणि हात वर उचलतो, म्हणजे टाचा सुटतात." तिने आपल्या व्रणांच्या हाताने बहिणीचं मनगट धरलं आणि झटका दिला. भिवरा कोलमडली. सुटणं तिला साधलंच नाही.

"आता कसं करायचं?" भिवराने बसल्या बसल्या विचारलं.

"तो ओढतो ना? मग जा," साळू म्हणाली. "त्याला हवंय त्याहून जास्त जा. मी गढीवर रोज हाच विचार करत होते. मी मागे का ओढलं? पुढे का नाही गेले?"

त्या दिवसापासून भिवराला शिकवणारी साळू झाली.

आता शेजारचं सांगते. शेजारी धुरपा राहायची. कोणाच्या घरात काय शिजतंय हे कळल्याशिवाय तिला जेवण जात नसे, आणि त्यात वाईट ते काय? शेजार आहे म्हणजे लक्ष असणारच. तर धुरपाने कुडाच्या फटीतून पाहिलं, आणि संध्याकाळपर्यंत गावभर झालं की बुरुडाच्या पोरी कासारणीशी कुस्ती खेळतात.

पारावर हशा पिकला. गावचा पैलवान मांडीवर थाप मारून म्हणाला, "मागं मला धरलं तेव्हा मी एवढं बळ लावलं, तरी सुटला नाही हात. आणि या बांगड्या भरणाऱ्या सुटणार?"

कासारीण तिथूनच चालली होती. ती थांबली. "पैलवान, तुम्ही बांगड्या भरल्या असत्या तर सुटला असता," ती म्हणाली आणि पुढे गेली.

म्हातारे पाटील मात्र हसले नाहीत. ते काठी टेकत बुरुडाच्या ओटीवर आले. "पोरी, बापासारखा सांगतो," ते भिवराला म्हणाले. "हात सुटला तो नदीचा. तू पुराला आवतण देतेस. एकीसाठी सगळं गाव वाहून जायचं."

"पाटीलबाबा, हात सुटून नदीने नेलेलं माणूस तुम्ही पाहिलंय?"

"मी नाही. पण जुनी माणसं सांगतात."

"आणि हात धरून गढीने नेलेलं माणूस पाहिलंय?" तिने आतल्या दाराकडे बोट केलं. तिथे साळू उभी होती. पाटलांनी मान खाली घातली आणि काठी टेकत परत गेले.

इकडे कासारणीने आपली युक्ती चालवली. ती घरोघर बांगड्या भरतच होती. जिचा हात धरला तिला हळूच सांगायची, "सोडव बघू. ओढू नको. अंगठ्याकडे. पुढे ये." ओटीवर नवरा बसलेला, सासरा बसलेला, आणि त्यांच्या डोळ्यांसमोर सुना हात सोडवायला शिकत होत्या. त्यांना वाटायचं, यंदा बांगड्या चढायला फार वेळ लागतोय.

जत्रा भरली. गढीचा मालक मांडवात लोडाला टेकून बसला. भिवरा टोपल्या मांडून बसली, शेजारी साळू. साळू वर्षात पहिल्यांदा बाजारात आली होती.

हातधऱ्या सरळ भिवराकडेच आला. त्याने मनगट धरलं आणि झटका दिला.

भिवरा मागे गेली नाही. झटक्याबरोबर उठली, एक पाऊल त्याच्याही पुढे टाकलं, कोपर त्याच्या कोपराला भिडवलं आणि मनगट अंगठ्याकडे फिरवलं. हात सुटला. सगळ्या बाजाराने तो सुटलेला हात पाहिला.

हातधऱ्याने आपल्या रिकाम्या मुठीकडे पाहिलं. मग तो हसला. "तेल लावलंय पोरीने."

भिवराने वाकून मूठभर माती घेतली, दोन्ही मनगटांना चोळली आणि हात पुढे केला. "धरा पुन्हा."

त्याने आता दोन्ही हातांनी धरलं आणि उचललं. टाचा सुटायच्या आत तिने आपलीच मूठ दुसऱ्या हाताने पकडली आणि दोन्ही कोपरं वर फिरवून सरळ त्याच्या अंगावर गेली. हात सुटला. त्याने चिडून तिला ढकललं. ती पडली, खांद्यावरून लोळली आणि धूळ झटकत उभी राहिली.

"पडले. उठले. आता?" ती म्हणाली.

हातधऱ्याने मांडवाकडे पाहिलं. मालक ताठ बसला होता. "दुसरं कोणी धर," तो गुरगुरला.

हातधऱ्याने हाताला लागेल तिला धरलं. ती होती धुरपा.

"अगं बया, एवढ्या बाजारात मीच दिसले का मेल्याला," धुरपा म्हणाली. आणि मग गावाने ऐकलं, ती स्वतःशीच पुटपुटत होती, "ओढायचं नाही, दार अंगठ्याकडे, पुढे जायचं." ती पुढे गेली, आणि धुरपाचं पुढे जाणं म्हणजे काय विचारता, भरलेली कणगी अंगावर यावी तसं. हातधऱ्या दोन पावलं मागे हटला, आणि तिचा हात मोकळा झाला. कुडाच्या फटीतून तिने नुसती बातमी नव्हती नेली.

मग त्याने माळ्याच्या सुनेला धरलं. सुटली. कुंभारणीला धरलं. सुटली. बांगड्या किणकिणत होत्या आणि हात सुटत होते. शेवटी त्याने पैलवानालाच धरलं. पैलवानाने सवयीने मागे ओढलं आणि तो फरफटत वेशीकडे निघाला.

"ओढू नकोस रे," साळू ओरडली. जिचा आवाज घरातही ऐकू येईनासा झाला होता, तिचा आवाज बाजारभर गेला. "त्याच्याकडे जा. अंगठ्याकडे फिरव."

पैलवान वळला, पुढे गेला, सुटला. आणि आपल्या हाताकडे असा बघत राहिला, जणू तो हात त्याला आजच मिळाला होता.

मालक उठला. "हे चालायचं नाही. दोरखंड आणा."

तेव्हा म्हातारे पाटील काठी टेकत पुढे झाले. "मालक, बोलणं हाताचं आहे, दोरखंडाचं नाही. हात धरला तो गढीचा, हात सुटला तो नदीचा. पहिलं अर्धं तुम्ही वर्षानुवर्षं घेतलंत. आता दुसरं अर्धं आमचं."

"मग नदी बघून घेईल तुम्हाला," मालक म्हणाला.

"मी नदीचीच आहे," भिवरा म्हणाली. "माझं नावच भिवरा आहे. आणि ही सगळी माणसं रोज तिचंच पाणी पितात. आम्ही तिचे नाही तर कोणाचे?"

असं म्हणून ती नदीकडे चालू लागली. तिच्यामागे साळू निघाली, मग धुरपा, मग सगळ्या बायका, मग गडी. नदीत गुडघाभर पाणी होतं. भिवरा त्यात जाऊन उभी राहिली. नदीने कोणालाही ओढलं नाही. तिने मनगटांवरची माती तेवढी धुऊन नेली.

रिकाम्या बाजारात मालक आणि हातधऱ्या दोघंच उरले. मालकाची माणसं दोरखंड आणायला गेली होती, ती काही परत आली नाहीत. तीही कधीतरी हाताला धरूनच नेलेली होती.

त्यानंतर गढीवर पाणी भरायला कोणी उरलं नाही. काही दिवसांनी गावाने पाहिलं, हातधऱ्या खांद्यावर घागर घेऊन नदीची चढण चढतोय. आणि त्याच्या मागे, लहानशी कळशी घेऊन, मालक.

कासारीण निघायच्या दिवशी बुरुडाच्या ओटीवर आली. साळू आतून बाहेर आली, समोर बसली आणि आपणहून हात पुढे केला. कासारणीने हिरव्या बांगड्या भरल्या, एकही न वाढवता. मग गंमत म्हणून मनगट घट्ट धरून ठेवलं.

साळूने अलगद हात सोडवून घेतला. आणि हसली.

आजही त्या भागात कोणी भारी हुशार निघालं, तर म्हणतात, "हिचा हात धरणारं कोणी नाही." बोलणारे सहज बोलून जातात. ते कुठून आलं असेल, ते तुम्ही आता ओळखा.

बोध एवढाच: जुलमाची मूठ कितीही घट्ट असो, तिला अंगठ्याचं दार असतंच, मागे ओढणारा अडकतो, आणि शिकून पुढे जाणारा सुटतो.